मिरजोळ्याचा कौल

सानिकाने मिरजोळ्याच्या नव्या कॉलेजात जावं की जाऊ नये, यावर तिच्या वडिलांच्या, आत्मारामच्या घरात इतका खल झाला की चहा उकळून उकळून कडू झाला, तरी निर्णय होईना.

सानिका रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. दर पावसाळ्यात त्याच वाडीतली तीच पोरं जुलाब होऊन यायची आणि हिने त्यांना तेच सलाईन लावायचं. "मला सलाईन नको, त्यांची विहीर बघायचीय," असं ती पोटतिडकीने म्हणे. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सची जाहिरात बघून ती हरखली होती. पण कॉलेज नवंकोरं, अभ्यासक्रमाला मान्यताच नाही. फोन केला की तिकडची बाई गोड आवाजात सांगायची, "मान्यता प्रक्रियेत आहे." हातातली नोकरी सोडली आणि पुढे ती पदवी कुणी विचारलीच नाही तर?

आत्मारामचा जन्म पोफळीच्या वीजघरात गेला. वरून होकार आल्याशिवाय या गृहस्थाने कधी बटणाला बोट लावलं नव्हतं. निवृत्तीनंतर वरचं असं एकच कार्यालय उरलं होतं.

"देवीला कौल लावू," तो म्हणाला.

"बाबा, मान्यतेतलं देवीला काय कळणार?"

"तुझ्या त्या फोनवरच्या बाईपेक्षा जास्त कळतं!"

सानिकाच्या आईने, विमलाबाईंनी तोवर नारळ पिशवीत टाकलासुद्धा.

आता कौल ही काही गुपचूप करायची गोष्ट नव्हे. गुरव सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घालतो, जमलेली मंडळी "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात, आणि देवीला लावलेल्या दोन फुलांपैकी उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्यातून रविवार, देऊळ गच्च भरलेलं. बाळा गुरवाने ओली फुलं चिकटवली आणि आवाज लावला, "बाय माझे! हा आत्माराम तुझा लेकरू. त्याचा चेडू, ही सानिका, हातची नोकरी सोडून, मान्यता नसलेल्या पण प्रक्रियेत असलेल्या..."

फुलं जागची हलेनात. मंडळी ताटकळली.

"प्रश्न लय लांबडा झाला," गुरव वळून म्हणाला. "देवीला येवढा पाल्हाळ चालत नाय. सोपा विचारूया." आणि त्याने पुन्हा हात जोडले. "बाय माझे, चेडवाने मिरजोळ्याच्या कॉलेजात जायचा का नाय?"

"होय म्हाराजा!"

टपकन उजवं फूल पडलं. विमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्मारामने सुटकेचा नि:श्वास टाकला.

पण मंडळींत हॉस्पिटलच्या काउंटरवरचा हर्षदही बसला होता. नारळ फुटायच्या आत त्याचा मेसेज पोचला असावा, कारण लगेच मेट्रनबाईंचा फोन आला.

"सानिका, उजवा कौल मिळाला म्हणे! अभिनंदन हां. तुझ्या जागी आलियाला घेतलं. ती कधीची मागे लागली होती."

"अहो मॅडम, मी अजून ठरवलेलं नाही!"

"आता देवीनेच ठरवलं ना? तिच्यापुढे मी कोण गो?" आणि फोन बंद.

सानिका वडिलांकडे वळली. "बाबा, नोकरी गेली."

"जाऊ दे. कॉलेज आहे ना!" आत्माराम म्हणाला खरा, पण लगेच त्याने पुन्हा देवीला हात जोडले.

तेवढ्यात पुढचा माणूस उठला. इस्त्रीचा शर्ट, घामाने डबडबलेला. तो गुरवाच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"कानात गाऱ्हाणा होत नाय. मोठ्यान सांगा."

"मी... मिरजोळ्याच्या कॉलेजचा संचालक. आमच्या अभ्यासक्रमाला यंदा मान्यता मिळेल का, एवढं विचारा."

अख्खं देऊळ आत्मारामकडे बघायला लागलं.

"अडचण काय ती पण सांगा," गुरव म्हणाला.

"पाहणीला आलेले म्हणाले, वाड्यावाड्यांत नेऊन प्रात्यक्षिकं घ्यायला तुमच्याकडे माणूसच नाही."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. या खेपेला "होय म्हाराजा" आत्मारामनेच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. डावं फूल पडलं.

"हा कसला न्याय?" आत्माराम भडकला. "माझ्या पोरीला जा म्हणते आणि कॉलेजला मान्यता नाही म्हणते? आमची नोकरी गेली त्याचं काय?"

"कसली नोकरी?" संचालकाने विचारलं.

"नर्स आहे ती! वाडीतल्या विहिरी बघायच्यात म्हणून रडतेय!"

संचालकाने एकदा सानिकाकडे पाहिलं, एकदा देवीकडे. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "मग उद्यापासून या ना आमच्याकडे. शिकायला नको, प्रात्यक्षिकं घ्यायला. पगारी."

बाळा गुरव मघाशी पडलेलं उजवं फूल उचलत म्हणाला, "मी जायचा का नाय तेवढाच विचारलेला. कशाला जायचा, ता विचारलाच नव्हता."

सानिकाला हसू आवरेना. "येते सर. पण पहिली विहीर मी निवडणार."

आत्माराम मात्र पुन्हा गुरवापुढे जाऊन बसला. "बाळा, आणखी एक जोडी फुलं लाव."

"आता काय रे?"

"पगार वेळेवर होईल की तोही प्रक्रियेत असेल, एवढं विचार."