नळीवरची स्प्रिंग

पेटंट कचेरीतल्या त्या परीक्षकांना सगळे 'त्यात-काय-साहेब' म्हणत, अर्थात पाठीमागे. शोध कुठलाही येवो, साहेब चष्मा कपाळावर सरकवत, नाक मुरडत आणि म्हणत, "हॅ! त्यात काय!" त्या धंद्यातल्या चारचौघांना सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट नाही, असा नियमच होता. आणि साहेबांच्या मते चारचौघे अफाट हुशार होते. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही उपकरण जिवंत परत गेलं नव्हतं.

त्या दिवशी सुनावणीला एक नर्स आली होती. तिचा दावा एवढाच: ऑक्सिजनची नळी जिथे वाकते तिथे बाहेरून स्प्रिंग गुंडाळायची, म्हणजे ती मुडपत नाही आणि रोग्याचा श्वास अडत नाही.

साहेबांनी पुरावा म्हणून स्वतःच्याच मोबाइलचा चार्जर उचलला. त्याच्या वायरीवर पेनातली स्प्रिंग होती. "बाई, हे मी स्वतः केलंय. तेच तुम्ही नळीला केलंत. त्यात काय?"

"मग नळीला आजवर कुणी का नाही लावली, साहेब?"

"गरज पडली नसेल कुणाला!"

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. घरून वडील बोलत होते. ते कानाने अधू, त्यामुळे त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू जाई.

"अरे, माझी ऑक्सिजनची नळी परत मुडपली! मशीन कोकलतंय. तू बांधलेली ती फूटपट्टी सुटली!"

"बाबा, चिकटपट्टी लावायला सांगा सूनबाईला."

"चिकटपट्टी झाली, चमचा बांधून झाला! आठ महिने नुसते प्रयोग चाललेत. इंजिनिअर म्हणे!"

फोन बंद झाला. नर्सने अगदी हळू विचारलं, "एकूण किती उपाय केलेत, साहेब?"

"सात," साहेब सवयीने अचूक बोलून गेले. मग कारकुनाकडे वळले. "तुम्ही काय लिहिताय?"

"इतिवृत्त. सुनावणीतला शब्दन् शब्द घ्यायचा, असा तुमचाच हुकूम आहे, साहेब."

"खोडा ते."

"शाईने लिहिलंय."

निकालात लिहावं लागलं: 'या विषयातल्या एका पदवीधराला, घरात गरज आणि हातात स्प्रिंग असूनही, आठ महिन्यांत ही गोष्ट सुचली नाही. सबब पेटंट मंजूर.'

संध्याकाळी साहेबांनी हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रिंग आणली. पेटंटचं पहिलं उल्लंघन परीक्षकाच्याच घरात झालं. मशीन गप्प बसलं.

वडिलांनी नळी उलटसुलट वाकवून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक मुरडलं.

"हॅ! त्यात काय!"