परसूअण्णांचे तीन पर्याय

परसूअण्णांना चहा घेणार का विचारलं, की ते आधी म्हणतात, "पर्याय सांग." चहा, कॉफी किंवा काही नको. एकदा मी कोकम सरबत सुचवलं तर वैतागले. "यादीभाईरचं चालत न्हाय."

बेळगावातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते माझ्या शेजारी बसतात. बसतात कसले, सारखे उठतात. डेटाबेसच्या रकान्यात ठरलेल्या यादीतलंच उत्तर भरता यावं, आणि ते मराठी, कन्नड, इंग्रजीत दिसावं, अशी एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार कोड, त्यांनी लिहिलीय. आमच्याकडे तीन भाषांचे फॉर्म करून सगळेच कावलेले, त्यामुळे मला ती फार आवडली. आता तिचं पॅकेज करून सगळ्यांसाठी खुलं करायचं, एवढंच राहिलं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण रोज सकाळी बेळगुंदीहून आले, की हेल्मेटसकट जाहीर करायचे, "आज सोडतो." आणि संध्याकाळी तसेच परत. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

दुपारी एकला मात्र त्यांचा घरी फोन. बहीण उचलायची. "आक्का, एक, दोन का तीन?" उत्तर ऐकून ते वहीत आकडा टिपायचे. ऑफिसात सगळे म्हणायचे, अण्णा मटका खेळतात.

परवा त्यांनी पॅकेज मला तपासायला दिलं. लायब्ररी कशी वापरायची ते दाखवणारं एक उदाहरण त्यात होतं. रकाना: आई. पर्याय: एक, जेवली. दोन, झोपली. तीन, परसूचं नाव घेतलं.

मटक्याच्या चेष्टेत मीही होतो. मला माझीच लाज वाटली. आईंना हल्ली माणसं आठवत नाहीत का, असं मी हळूच विचारलं.

अण्णा खाली बघत म्हणाले, "लई दिस झालं, तीन आल्यालं न्हाय. ज्या दिवशी येईल त्या दिवशी सोडायचं, असं धरलंय मी."

मी म्हटलं, "तुम्ही स्वतः बोलता का त्यांच्याशी?"

ते बोलत नव्हते, घरातसुद्धा नाही. आईनं ओळखलं नाही तर, याची भीती वाटायची.

एक वाजला. त्या दिवशी त्यांनी आक्काला फोन आईकडे द्यायला सांगितलं. "आई, मी परसू."

पलीकडचा बारीक आवाज मलाही ऐकू आला. "कोन परसू?"

अण्णांनी फोन ठेवला. वही पुढे ओढली. मग पेन उचलून तीन लिहिलं.

"नाव घेतलं की," म्हणाले, आणि पॅकेज सोडलं.

मी चहा आणून ठेवला. त्यांनी पर्याय विचारले नाहीत.