तिसऱ्या रांगेचा राजा

गाडी कशी निवडायची, ते महिपतरावांना विचारावं! त्यांना स्वतःला ती चालवता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. अलिबागच्या कचेरीतल्या साहेबांच्या जीपमध्ये मागे बसून बसून आपण सीट या विषयात पारंगत झालो आहोत, असं त्यांचं ठाम मत होतं.

माणगावात हायवेलगत जुन्या गाड्या विकणाऱ्या प्रीतमच्या आवारात दोन जुन्या एसयूव्ही उभ्या होत्या. काळी पाच जणांची, गुबगुबीत सीटांची. ती त्यांच्या पत्नीला, भावनाबाईंना आवडली. चंदेरी सात जणांची. ती महिपतरावांच्या मनात भरली. त्यांनी खिशातून टेप काढून शिंप्यासारखी दोन्ही गाड्यांची मापं घेतली.

"काळीत डोकं छपराला लागतं! आणि चंदेरीची ही तिसरी रांग बघ. राजेशाही!"

"मापं राहू द्या," भावनाबाई म्हणाल्या. गाडी त्याच चालवणार होत्या. "लोणेऱ्यापर्यंत चक्कर मारू. तुम्ही त्या राजेशाही रांगेत बसा. तोंडातून एकदा जरी 'आई गं' निघालं, तर काळी घ्यायची. आणि पुढे घरातल्या कुठल्याच खरेदीत तुम्ही तोंड घालायचं नाही."

फ्रिज, पंखे, भिंतींचा रंग हे सगळे विषय महिपतरावांच्या हातून केव्हाच गेले होते. उरलीसुरली अब्रू या गाडीवरच होती!

"मंजूर! पण गाडी भरलेली हवी. रिकाम्या गाडीत कुणालाही ऐसपैसच वाटतं." त्यांनी लगेच चुलतभाऊ तुळशीरामला फोन करून सहकुटुंब एसटी स्टँडवर बोलावलं.

भावनाबाईंच्या शेजारी, सोबत आलेल्या त्यांच्या आई आवडाबाई बसल्या. तिसऱ्या रांगेत महिपतराव पाय पसरून बसले. गाडी स्टँडसमोर थांबली. पलीकडे तुळशीराम दिसताच महिपतरावांनी पुढे वाकून मधल्या खिडकीतून आरोळी ठोकली, "या, या! मागे भरपूर जागा आहे!"

तासभर एसटीची वाट बघणाऱ्या माणसांपुढे हायवेवर असं ओरडायचं असतं का? सीटा भरणारी खासगी गाडी आली म्हणून सगळा स्टँड धावला!

"लोणेरे ना?" म्हणत सुकटीची पाटी घेऊन जनी मागे घुसली. तिच्या मागोमाग काळूराम तांदळाचं पोतं घेऊन शिरला. मधली रांग क्षणात गच्च भरली. तुळशीराम सहकुटुंब रस्त्याच्या पलीकडे हात हलवत उभा राहिला.

"अहो, ही वाहतुकीची गाडी नाही!" महिपतराव किंचाळले.

"बसूंदे गं त्यांना," आवडाबाई लेकीला म्हणाल्या. "एसटी काय आता यायाची न्हाय."

"आणि भरलेली गाडी यांनाच हवी होती," म्हणत भावनाबाईंनी गिअर टाकला.

काळूरामने पोतं महिपतरावांच्या पायांवर टेकवलं. "भाऊ, पाटी जरा मांडीवर घ्या," म्हणून जनीने सुकट त्यांच्या नाकाखाली ठेवली. गुडघे हनुवटीला लागले. पहिल्याच खड्ड्यात त्यांचं डोकं छपराला धडकलं.

"कसं वाटतंय?" आरशात बघत भावनाबाईंनी विचारलं.

"ऐस... पैस!"

"भाऊ, रडता का वो?" जनीने काळजीने विचारलं.

"नाही हो! आनंदाश्रू!"

भावनाबाईंनी एकही खड्डा चुकवला नाही. महिपतरावांनी ओठ चावले, दात आवळले, डोळे मिटले, पण 'आई गं' बाहेर पडू दिलं नाही!

लोणेऱ्याला गाडी रिकामी झाली. काळूरामने महिपतरावांना मागच्या दारातून ओढून काढलं. ते खाली उभे राहिले, पण बसलेल्याच आकारात. गुडघे काही केल्या सरळ होईनात.

"खरं सांगा, त्रास झाला ना?" भावनाबाईंनी विचारलं.

"त्रास? अगं, उतरवत नव्हतं मला!" हे मात्र शब्दशः खरं होतं.

भावनाबाईंनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. जिंकलात. चंदेरीच घेऊ."

महिपतरावांची छाती फुगली. एवढा एकच अवयव तेव्हा त्यांच्या ताब्यात होता. कितीतरी वर्षांनी घरात त्यांचा शब्द चालला होता!

आवडाबाई कौतुकाने पुढे आल्या. "जावईबापू, आजपासून ती मागची जागा तुमचीच बरं का! आमी कुनाला बसू देणार न्हाय. जावयाचा मान हाय तो!"

"अहो, पण आई, तुमचे गुडघे... तुम्हीच तिथं..."

"न्हाय वो! मी आपली पुढं कशीबशी बसन."

भावनाबाईंनी मागचं दार अदबीने उघडून धरलं. माणगाव अजून गाठायचं होतं. राजे वाकलेलेच होते, तसेच आत शिरले.