हितेंद्रचं सरळ नाक

हितेंद्रचं नवं नाक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खोक्यातून घरी आलं. दहीहंडीत पडल्यापासून त्याचं नाक डावीकडे वाकलं होतं. एक नाकपुडी बंदच. डॉक्टरांनी चेहरा स्कॅन केला, संगणकावर नाक सरळ केलं आणि हंडीचे थर रचावेत तसा थरावर थर चढवून प्रिंटरने पांढरा मुखवटा घडवला. "आईंना दाखवा," ते म्हणाले, "पण उद्या सकाळी जसाच्या तसा परत आणा. तो समोर ठेवूनच काम करायचंय." तीन महिन्यांनी मिळालेली तारीख त्याच्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या होकारावर अडली होती.

मुखवटा पाहून लक्ष्मीबाई विरघळल्या. "काय देखणो दिसता रे माझो झील! कर बाबा ऑपरेशन."

इथेच थांबल्या असत्या तर बरं. पण एवढ्या देखण्या नाकाला नजर लागेल म्हणून त्या मीठ-मोहऱ्या घेऊन मुखवट्याची दृष्ट काढू लागल्या. तिसऱ्या फेरीला बांगडी अडकली. टक्! नाकाचा शेंडा थेट मोरीत आणि मोरीतून पाताळात.

"आई! उद्या डॉक्टर काय बघून कापणार?"

"ओरडतंस कशाक? धोंडूकाकांकडे ने. गणपतीचो कान जोडतत, तुझ्या नाकाची काय कथा!"

लालबागच्या गणपती-कारखान्यात धोंडूकाकांनी मुखवटा फिरवून पाहिला. "चाळीस वर्षं मूर्ती करतोय, पण नाक पहिल्यांदाच आलं हाताला!" त्यांनी शाडूची गोळी लावली, डोळे मिटून बोट फिरवलं. सुबक काम झालं.

सकाळी डॉक्टरांनी मुखवटा उजेडात धरला. "हे तर तुमचं आत्ताचंच नाक! डावीकडे वाकलेलं."

सोबत आलेले धोंडूकाका चाचरले. "सोंड डावीकडेच वळवतो ना आम्ही. हाताला सवय."

लक्ष्मीबाईंनी हात जोडले. "म्हणजे देवाच्याच मनात नाय. चल घराक!"

हितेंद्रचं तोंड उतरलं. धोंडूकाकांना मात्र ते लागलं. "वहिनी, देवाला कशाला मध्ये घेता? हात माझा चुकला." चाळीस वर्षांत हे वाक्य लालबागने ऐकलं नव्हतं. लक्ष्मीबाई गुपचूप खाली बसल्या.

डॉक्टर हसले. "घाबरू नका. नाक संगणकात सुखरूप आहे. दुपारपर्यंत दुसरं छापतो."

पट्टी निघाली तेव्हा नाक सरळ होतं. धोंडूकाकांनी एक डोळा मिटून ते तपासलं. "काम साफ आहे. जरासं वळण असतं तर जीव आला असता."

गल्लीत शिरताच हितेंद्रने दोन्ही नाकपुड्यांनी मनसोक्त श्वास ओढला. नेमकी गिरणीत मिरची कुटत होते. एकापाठोपाठ सात शिंका!

"लागली नजर!" म्हणत लक्ष्मीबाई घरातून मीठ-मोहऱ्यांची मूठ भरूनच आल्या.

हितेंद्रने दोन्ही हातांनी नाक झाकलं. "आई, आधी बांगड्या काढ!"