डाव्या बाजूचं दार

संध्याकाळी हणमंतरावांची पांढरी गाडी फाटकातून आत आली की वंदना हातातलं काम टाकून बाल्कनीत जायची. गाडी पार्किंगमध्ये थांबायची. हणमंतराव उतरायचे, गुडघा जरा चोळायचे, गाडीला पुढून वळसा घालून डाव्या बाजूला यायचे आणि दार उघडायचे. मग पद्मावतीकाकू मांडीवरची पिशवी सावरत, पदर नीट करत सावकाश उतरायच्या. तोपर्यंत हणमंतराव दार धरून उभे.

"बघ," वंदना आत सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला, उदयला म्हणायची. "या वयात."

उदय उठायचा नाही. त्याने एकदा बघितलं होतं, तेवढं त्याला पुरे झालं होतं.

बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत मराठी घरं दोनच. हणमंतराव जुने हैदराबादी. त्यांचे आजोबा बिदरकडची शेती भावाला देऊन गौलीगुड्यात येऊन राहिले, ते मग इथलेच झाले. हणमंतराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. उदय आणि वंदना पुण्याचे. वंदनाचं कॉलेज जवळ म्हणून इथे राहिलेले. दोन्ही घरांच्या गाड्या मात्र एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, रंगानेही पांढऱ्या. उदयची गाडी वडिलांनी वापरून दिलेली, पुण्याच्या नंबरची. त्यामुळे तुलना फार सोपी झाली होती. गाडी तीच, पार्किंग तेच, फरक फक्त उतरण्यात.

उदयनेही एकदा प्रयत्न केला. गाडी थांबल्याबरोबर उडी मारून तो डाव्या बाजूला धावला. तोवर वंदना उतरून दार लावत होती.

"काय झालं? टायर बसला का?"

"नाही. असंच."

"मग पिशव्या घे."

त्यानंतर उदयने टीका करायचा मार्ग धरला. "दिखावा असतो गं. काकांना काय, वेळच वेळ आहे."

"वेळ तुलाही असतो. रविवारी तू त्याचं काय करतोस ते बघते मी."

वॉचमन यादगिरीसुद्धा एकदा हणमंतरावांकडे बघत वंदनाला तेलुगूत म्हणाला, "पेद्दसार मंची मनिषी." मोठे साहेब म्हणजे चांगला माणूस. वंदनाने हे वर येऊन सांगितलं. उदयला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे या इमारतीत लहान साहेब कोण, ते उघडच होतं.

एका शनिवारी उदय बेगम बाजारात सामानाच्या पिशव्या घेऊन रिक्षा शोधत उभा होता. तेवढ्यात हणमंतरावांची गाडी शेजारी थांबली. काकू बरोबर नव्हत्या.

"बस बाबा. घरीच चाललो."

त्यांनी चावी घेऊन, फिरून येऊन दार उघडून दिलं, तेव्हा उदयला वाटलं, हातात पिशव्या आहेत म्हणून असेल. पण पार्किंगमध्ये पोचल्यावर हणमंतराव पुन्हा उतरले, गुडघा चोळला, वळसा घालून आले आणि उदयसाठी दार उघडून उभे राहिले. उदय कानापर्यंत लाल झाला.

"काका, अहो काय हे. मी उघडतो ना."

"कसा उघडशील? लॉक खराब आहे त्याचं. तुझ्या काकूला दारं लॉक केल्याशिवाय गाडी हललेली चालत नाही. आणि लॉक झालं की बटन दाबून तीन दारं उघडतात, हे उघडत नाही. आतून तर हलतच नाही. बाहेरून चावी लावावी लागते."

उदय बसल्या जागी ताठ झाला. "कधीपासून?"

"झाले की दोन-तीन साल."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"काय घाई आहे? चलतंय ना. फेरी मारायला शेजारी कोणी बसलेलं पाहिजे. आहे तोवर मारतो."

शेवटचं वाक्य उदयने ऐकलं नाही. तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर निघाला होता. पिशव्या गाडीतच राहिल्या.

"लॉक खराब आहे," त्याने दारातूनच सांगितलं. "ते प्रेम वगैरे काही नाही. लॉक खराब आहे."

वंदनाने सगळं ऐकून घेतलं. "इतकी वर्षं त्यांनी ते दुरुस्त केलं नाही?"

"नाही ना."

"आणि रोज, दुखरा गुडघा घेऊन फेरी मारतात?"

"हो."

"मग ते काय आहे?"

 उदयला काय करायचं ते सुचलं. बिघडलेली वस्तू माणसं वर्षानुवर्षं तशीच वापरतात, हे त्याच्यातल्या पुणेकराला तसंही सहन होत नव्हतं. त्यात इथे परोपकाराची सोय होती. रविवारी सकाळी तो स्क्रू ड्रायव्हर, पाने आणि फोनवरचा व्हिडिओ घेऊन हणमंतरावांच्या दारात उभा राहिला.

"नक्को रे बाबा," हणमंतराव म्हणाले. "उगी परेशान होशील."

"आणि आज तर मुळीच नको," पद्मावतीकाकू आतून म्हणाल्या. "माझ्या भाचीचं डोहाळजेवण आहे, सिकंदराबादला. चार वाजता निघायचंय."

"काकू, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही किती दिवस त्रास काढायचा?"

"मला कसला त्रास? मी तर बसूनच असते."

पण मुलासारख्या शेजाऱ्याचा आग्रह, नाही कसं म्हणायचं, म्हणून हणमंतरावांनी चावी दिली.

व्हिडिओतली गाडी परदेशातली होती आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे त्यातला माणूस जे उजवीकडे फिरवत होता ते उदयने डावीकडे फिरवायचं, की तसंच फिरवायचं, हा प्रश्न सुरुवातीपासून होता. हँडलमागचा लपलेला स्क्रू न काढताच त्याने दाराचं आतलं कव्हर ओढलं. कव्हर आलं, पण प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून तुटल्या. एक उडून यादगिरीच्या चहात पडली.

"असंच असतं का ते?" हणमंतरावांनी विचारलं.

"क्लिपा तुटतातच, काका. नव्या मिळतात."

मग आतला एक बोल्ट लॉकच्या मोटरचा समजून त्याने सैल केला. तो काचेचा निघाला. खिडकीची काच शांतपणे दाराच्या पोटात उतरू लागली.

"काका, धरा."

हणमंतरावांनी दोन्ही हातांनी काच धरली. बोल्ट खाली पडला होता, तो गाडीखाली सरपटत जाऊन शोधावा लागला. वंदना तेवढ्यात बाल्कनीत आली.

"बघ," ती वरून कौतुकाने म्हणाली. "काका आजही दार धरूनच उभे आहेत."

गाडीखाली उदयने दात आवळले.

तीन वाजेपर्यंत काच जागेवर आली आणि मोटर बाहेर आली. उदयने ती तारेला जोडून बटन दाबलं. लॉक करायला दांडा आत गेला, पण उघडायला मोटर नुसती टर्र करून थरथरली, दांडा काही पुढे सरकला नाही. ती कामातून गेली होती. नवी राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली असती, पण आज रविवार. दुकानं बंद.

"मग हिलाच परत बसव," हणमंतराव म्हणाले. आवाजात जरा उमेद होती. "जुनीच बरी."

"नाही काका. हातात घेतलंय तर पुरं करणार." जुनी मोटर परत बसवून वर जायचं आणि वंदनाला सांगायचं, ही कल्पनाच उदयला करवेना.

तेवढ्यात काकू नारायणपेठ साडी नेसून, ओटीचं सामान घेऊन खाली आल्या. दाराकडे बघून त्या थबकल्या. दाराची आतली बाजू उघडी पडली होती आणि वायरी लोंबत होत्या.

"लॉक नसलेल्या दाराशी मी बसणार नाही, सांगून ठेवते."

"आज मागे बसा ना काकू."

"मागे मला मळमळतं."

उदयची नजर शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या नंबरवर गेली. तेच मॉडेल, तेच दार. मनात आलं आणि त्याने विचार न करता कामाला सुरुवात केली. दुसऱ्या वेळी हात चांगला बसला होता. त्याच्या गाडीची धडधाकट मोटर हणमंतरावांच्या दारात गेली आणि हणमंतरावांची मेलेली मोटर, दुसरं काही नव्हतं म्हणून, त्याच्या दारात. वंदना दुपारची झोपली होती, तिला यातलं काही कळलं नाही.

"दाबा, काका."

हणमंतरावांनी बटन दाबलं. टक. चारही दारं एकदम उघडली. त्यांनी लॉक करून पुन्हा दाबलं, पुन्हा उघडली.

"हौ," ते म्हणाले. "झालं की." आणि गुडघा चोळत स्टिअरिंगच्या बाजूला गेले.

संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा उदय स्वतः वंदनाच्या आधी बाल्कनीत जाऊन उभा होता. हणमंतराव उतरले. गुडघा चोळला. सवयीने वळसा घालून डाव्या बाजूला आले. आणि काकूंनी, लॉक दुरुस्त झालंय म्हणून, आतून दार उघडलं. ते थेट गुडघ्यावर बसलं, आणि तेही दुखऱ्याच.

"तुम्ही कशाला आलात?" काकू म्हणाल्या.

"नाही, ते... असंच."

दोघं लिफ्टकडे गेले. काकू पुढे, हणमंतराव लंगडत मागे.

"झालं समाधान?" वंदनाने विचारलं आणि ती आत गेली.

पुढचे काही दिवस काकू आपल्या आपण उतरत होत्या आणि वंदना उदयशी कामापुरतं बोलत होती. पण उदयचंही एक काम वाढलं होतं. गाडी सुरू केली की चारही दारं लॉक करायची त्याला वडिलांची सवय लागली होती, आणि आता त्याचं डावं दार आतून उघडत नव्हतं. पहिल्या दिवशी वंदनाने दाराला हात घालायच्या आत तो म्हणाला, "थांब. बस तू. मी उघडतो."

वंदनाने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "बरा आहेस ना?"

खरं कारण सांगायचं तर स्वतःची गाडी स्वतःच बिघडवली हे सांगावं लागलं असतं. त्याने वळसा घातला, चावी लावली, दार उघडलं. वंदना उतरताना किंचित हसली. दुसऱ्या दिवशी ती न सांगता बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तो येईपर्यंत तिने केस सारखे केले. यादगिरीने उदयला उठून सलाम केला. वर बाल्कनीतून काकू बघत होत्या आणि हणमंतरावांना काहीतरी म्हणत होत्या. हणमंतराव वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नव्हते. उदयला ते फार आवडलं. त्याने राणीगंजहून आणलेली नवी मोटर खोक्यासकट माळ्यावर टाकून दिली.

आठवडाभराने संध्याकाळी नवरा-बायको दोघंही बाल्कनीत चहा घेत असताना हणमंतरावांची गाडी आली. थांबली. डावं दार उघडलं नाही. हणमंतराव उतरले, वळसा घालून आले, या वेळी गुडघा सांभाळून जरा लांब उभे राहिले आणि हात लांब करून दार उघडलं. काकू पदर नीट करत सावकाश उतरल्या.

"बिघडलं वाटतं परत," वंदना म्हणाली. "तुझी दुरुस्ती."

उदय चहा ठेवून खाली गेला.

"काका, लॉक गेलं का?"

"छे. फर्स्टक्लास आहे." हणमंतरावांनी दाखवायला बटन दाबलं. टक.

"मग काकू, तुम्ही उतरला का नाहीत?"

"मला काय घाई आहे?" काकू म्हणाल्या.

उदय परत वर आला. पूर्वी निदान लॉक खराब आहे एवढा तरी आधार होता. आता त्यांचं लॉक चांगलं होतं, त्याचंच काढून दिलेलं, आणि तरी काकू बसून राहिल्या होत्या. आणि हे वंदनाला सांगायची सोय नव्हती.

रविवारी तो माळ्यावरचं खोकं काढून खाली घेऊन गेला. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, डावं दार उघडलं आणि त्याच्यासमोर बसला. अर्ध्या तासाचं काम होतं, आता तर खरोखरच तेवढंच होतं. लॉक दुरुस्त केलं, टक करून दार उघडायला लागलं, आणि वंदना आपली आपण उतरून चालू पडली तर? उतरेलच. की नाही उतरणार? 

"रिपेर, सार?" यादगिरीने विचारलं.

उदयने वर बघितलं. वंदना तयार होऊन, पर्स घेऊन, बाल्कनीचं दार लावत होती. त्याने खोकं बंद करून डिकीत टाकलं.

"नको," तो म्हणाला. "चलतंय ना."