शांतवन कंपाउंडरच्या अडतीस बाटल्या

शांतवन साळवे या गृहस्थांनी त्या गावातल्या माझ्या पहिल्याच उपासनेला मला देवळाच्या बाहेर उभं ठेवलं. मी सव्वीस वर्षांचा, ख्रिस्ती मंडळीचा नवाकोरा पाळक, नगरकडच्या कर्जतच्या अलीकडच्या त्या गावी नुकताच नेमलेला. रविवारी सकाळी इस्त्रीचा झगा घालून देवळापाशी गेलो तर दाराला कुलूप, पायरीवर शांतवनकाका, आणि त्यांच्या बोटात किल्ली.

"काका, उघडता ना?"

"न्हाई."

"का?"

"आजपासून आगमनकाळ लागला न्हवं? पत्रकात लिवलंय, तारणाऱ्याची वाट पाहण्याचा काळ. मग बघा वाट."

आम्ही वाट पाहिली. पाऊण तास. बायका लिंबाखाली बसल्या, पोरं पायरीवरून उड्या मारू लागली. रस्त्याने जाणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरने गाडी थांबवून, कोण वारलं म्हणून चौकशी केली. मग काका उठले, कुलूप काढलं आणि म्हणाले, "आता वाचा तुमचा यशया. आता लागू पडंल." मी रागातच बायबलमधला यशया संदेष्ट्याचा अध्याय वाचायला सुरुवात केली. पण खरं सांगायचं तर तो अध्याय इतक्या शांतपणे कुणी ऐकलेला मी त्यानंतर क्वचितच पाहिला.

हे पत्रक नगरहून आलं होतं. त्या सुमारास आमच्या जुन्या मंडळ्या एका मोठ्या चर्चमध्ये सामील झाल्या होत्या, आणि आगमनकाळ, नाताळ, उपासकाळ, पुनरुत्थान असे वर्षाचे सगळे काळ कसे पाळावेत याच्या सूचना वरून छापून आल्या होत्या. बाकीच्या गावांत पाळकांनी ते पत्रक कपाटात ठेवलं. आमच्या गावात ते काकांच्या हाती पडलं.

काका मिशन दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. निवृत्त झाले तरी सगळं जग त्यांना बाटलीत भरलेलंच दिसायचं. "मंडळी म्हंजे मिक्श्चरची बाटली, पाळकसाहेब," ते मला सांगत. "ठेवून दिली की गाळ खाली बसतो. मग वरचं पानी पीत बसा, गुन येत न्हाई. हलवाय लागती." दर काळाला ते आम्हाला हलवत. माझं प्रवचन आवडलं तर "डोस बरोबर पडला" म्हणायचे. नाही आवडलं तर "पानी जास्त झालं" म्हणायचे, आणि हे दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नाताळच्या नाटकाला त्यांनी खरा मेंढपाळ आणला. बिरू धनगर नावाचा, बाहेरगावचा, मेंढरं घेऊन वाटेवर उतरलेला. त्याला एवढंच सांगितलं होतं की आत जायचं आणि बाळाला नमस्कार करायचा. तो आत आला. मरीया झालेली नववीतली मुलगी उघड्या खिडकीखाली बाहुली घेऊन कुडकुडत बसली होती. बिरूने नमस्कार करायचा सोडून सगळ्या देवळाला झापलं. "बाळंतीन अशी वाऱ्यात बसवत्यात व्हय? घरात कोन बाईमानूस न्हाई का?" आणि खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली. तेवढ्यात त्याच्या दोन मेंढ्यांनी वेदीवरचा झेंडूचा हार संपवला. मंडळीचे पंच चिडले. काका मात्र डोळे पुसत होते.

झावळ्यांच्या रविवारी त्यांनी श्रीगोंद्याकडच्या उसाच्या गाडीवानाकडून वाढ्यांच्या पेंढ्या उतरवून घेतल्या. झावळी मिळत नव्हती आणि प्रभूच्या यरुशलेम प्रवेशाच्या मिरवणुकीला हिरवं काहीतरी हातात हवं होतं. आम्ही उसाचे शेंडे हलवत, होसान्ना म्हणत निघालो आणि इनामदारांच्या दोन म्हशी मिरवणुकीत सामील झाल्या. त्या थेट देवळापर्यंत आल्या. इनामदारचाचा मागून धावत आले आणि बिचारे माझीच माफी मागू लागले.

त्याच आठवड्यात, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करायची असं पत्रकात होतं. काकांनी बारा माणसं निवडली, पाय मी धुवायचे. बाराही जण घरून पाय घासूनपुसून आले. एकाने तर पावडर लावली होती. काका माझ्यामागे तांब्या घेऊन उभे होते, ते पुटपुटले, "बऱ्या मानसाला सलाईन लावताय तुमी." पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं असावं.

पण पुढच्या वर्षी दुष्काळ होता. पहिल्या वर्षी कमी झालेला पाऊस दुसऱ्या वर्षी आलाच नाही. विहिरी आटल्या. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. काकांना दमा होता, खडीची धूळ त्यांना सोसत नव्हती. म्हणून त्यांच्या पत्नी सगुणाकाकू एकट्या जात. साठीच्या बाई, काटक, मोजकं बोलणाऱ्या. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी मैलभरावरच्या विहिरीत टँकर रिकामा केला की तिथून दोन हंडे डोक्यावर आणायचे. गावातल्या सगळ्याच बायकांचं असं चाललं होतं.

चाळीस दिवसांचा उपासकाळ लागायच्या आधी पंचांची बैठक झाली. काका म्हणाले, "औंदा पाय धुवायचे ते कामावरून आलेल्यांचे. घरी जायचं न्हाई, तसंच यायचं."

मीच म्हणालो, "काका, माणसांना प्यायला पाणी नाही. यंदा तो कार्यक्रम नको."

"पानी मी देईन."

"कुठून?"

"माझ्या वाट्याचं."

पंच हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. "पाळकसाहेब, औंदा न्हाई तर मग त्या धुन्याला अर्थच न्हाई," म्हणाले आणि उठून गेले. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतकं का लावून घेतो, ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारपासून काका देवळात एकटे बसू लागले. म्हणजे ते बसत आणि आजूबाजूची माणसं उठून दुसरीकडे जात, कारण काकांनी अंघोळ सोडली होती. एका रविवारी सगुणाकाकूंनी मला गाठलं.

"ह्यांना सांगा तुमी कायतरी. आंगूळ न्हाई, च्या निम्माच घेत्यात. रोज एक बाटली पानी उकळून, गाळून भरत्यात आन् कपाटाला कुलूप लावत्यात. इचारलं तर म्हनत्यात, उपास हाय."

मी काकांना गाठून समजावलं. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी काय सोडलंय ह्या उपासात?" मी काहीच सोडलं नव्हतं. विषय तिथेच संपला.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी देवळात गेलो तर वेदीसमोर औषधाच्या तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या. आठ औंसाच्या, बूच लावलेल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. मी मोजल्या. अडतीस भरल्या.

"चाळीस नाहीत?" मी विचारलं.

"रविवार उपासात धरत न्हाईत. आन् शुक्रवार-शनवार अजून यायचेत," काका म्हणाले. "पत्रक नीट वाचत जा."

पंचांनी मुकाट्याने बाक पुढे ओढले. काकांच्या निरोपावरून माणसं कामावरून थेट आली होती, पांढऱ्या धुळीने माखलेली, पाटी-हातोडे दाराशी ठेवून. काकांनी एकेकाला बाकावर बसवलं. ते बाटलीने मापून पाणी सोडत आणि मी घमेल्यात पाय धूत होतो. भेगांत खडीची कच रुतलेली होती. एका म्हाताऱ्याने, "कोमट हाय की," म्हणून डोळे मिटले. अकरा जण झाले.

"बारावा कोण?" मी विचारलं.

काका मागे वळले. "सगुणा, इकडं ये."

सगुणाकाकू दाराजवळ बसल्या होत्या. त्या उठेनात. "मी न्हाई बाई. काय येड्यावानी करताय?"

"पाळकसाहेब बोलावत्यात," काका चक्क खोटं बोलले. बायका हसू लागल्या. मग मीही म्हणालो, "या काकू." त्या आल्या, बाकावर बसल्या आणि पाय आत ओढून घेतले. मी पुढे वाकलो, तर काकांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि धापा टाकत स्वतः खाली बसले.

"आवो! मानसं बघत्यात," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "मला पापात पाडता का?"

"पाय दे."

त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. काकांनी ती अलगद सोडवली. दवाखान्यात तीस वर्षं जखमांच्या पट्ट्या सोडवलेला हात होता तो. उरलेल्या तीन बाटल्या त्यांनी सावकाश, एकेका बोटावरून ओतल्या. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. काकांच्या छातीतला घरघराट तेवढा ऐकू येत होता.

उपासना संपल्यावर काकू लगबगीने पुढे निघून गेल्या. मी आणि काका मागून चाललो.

"काका, बाराव्या त्याच होत्या ना? पहिल्यापासून?"

काका दोन पावलं चालले, दम खाल्ला. "सा महिने झाले, पाळकसाहेब. दिसभर खडी फोडती, आन् वर माझ्यासाठी पानी आनती डोक्यावर. मी घरी बसून पितो. एकदा घरातच तिचे पाय धुवाय बसलो हुतो. तिनं पाय वडून घेतला, म्हनली, डोकं फिरलंय तुमचं. दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी." ते थांबले. "घरी धुवू देत न्हाई हो ती. देवळात मातर न्हाई म्हनता येत न्हाई मानसाला."

दीड वर्ष मी या माणसाच्या खुळांच्या गोष्टी नगरला गेलो की रंगवून सांगत होतो. बायकोचे पाय धुवायला त्याला एक सण हवा होता आणि तो सण मी बैठकीत रद्द करायला निघालो होतो. मला फार लाज वाटली. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही हळूहळू त्यांच्या घरापर्यंत गेलो.