राखीव जमिनीच्या शेवटल्या पानाची हकीकत

जो सर्व पाहतो आणि काही विसरत नाही, त्यास नमून लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. ते समयी यंत्रामध्ये एक राज्य नांदत होते, त्यास जाणते लोक कर्नल, म्हणजे सारे यंत्र चालविणारा गाभा, म्हणत. सारी मेमरी ही त्याची जमीन, आणि ती पानापानाने, म्हणजे ठरीव तुकड्यांनी, मागेल त्यास देणे आणि काम सरताच परत घेणे, हा नित्य कारभार. परंतु राज्य एके दिवशी कोसळावयाचेच, हे जाणून पूर्वजांनी अजब तजवीज केली होती. राज्य उभे राहताच थोडी जमीन राखावी, तीत धाकटा कर्नल निजवावा, आणि कितीही ओढ पडो, ती कोणास देऊ नये. मग थोरला क्रॅश होऊन पडला म्हणजे धाकट्याने उठावे, गादी मागू नये, फक्त पडतेवेळी कोण कोठे उभा होता आणि कोणाच्या हाती काय होते ते लिहून ठेवावे.

ती जमीन राखण्याचा नवा हुकूम, म्हणजे कोड, सदानंदपंतांनी लिहिला, आणि तो तपासणीस पोचला त्याच आठवड्यात पंत भर दुपारी जेवून उठता उठता गेले. काय झाले ते कोणास कळले नाही. तपासणी त्यांची कन्या इरावतीबाई यांजकडे होती. बाईंनी हुकूम ओळीने वाचला, आणि बापाचा हात ओळखून दोनदा थांबल्या, आणि मग शेवटल्या ओळीत त्यांस खोट दिसली. पंतांनी अमुक पानापर्यंत जमीन मागितली होती, आणि जमीन वाटणारा कर्नलचा कारकून 'पर्यंत' म्हणजे ते पान सोडून, ऐसे समजत होता. एक पान कुंपणाबाहेर राहिले. त्यावर उद्या कोणीही बिऱ्हाड मांडील, आणि राज्य पडेल त्या दिवशी धाकटा उठणार नाही.

आता हुकूम मंजूर करणाऱ्या दरबारची रीत ऐसी की, शंका निघाली तर लिहिणाऱ्याने उत्तर द्यावे, न दिल्यास हुकूम त्याच्या नावासकट रद्द. पंतांचे जुने सोबती मोरेश्वरनाना मुख्य कारभारी होते. ते म्हणाले, सदाने तीस वर्षे माझ्या ओळी खोडल्या, त्याची एक खोडावी ही फार हौस होती, पण अशी नव्हे. मग हळूच सुचविले की हुकूम तसाच जाऊ द्यावा, पान मागाहून जोडता येईल. बाई नको म्हणाल्या.

"शंका काढतेस, इरा, पण उत्तर कोण देणार?"

"मी देते, नाना. बाबा रविवारपर्यंत आहे म्हणाले, की सोमवारी सकाळी निघायचे. आमच्या घरी पर्यंत म्हणजे तो दिवस धरून."

नानांनी चष्मा काढून पुसला, आणि पुष्कळ वेळ पुसला, आणि उत्तर लेखकाचेच ऐसे मानून घेतले. मग बाईंनी ते एक पान कुंपणात घेतले आणि परीक्षेसाठी आपल्या हाताने राज्य पाडिले. क्षणात सारे थांबले. आणि जेथे कधी कोणी पाऊल ठेविले नव्हते, त्या जमिनीत धाकटा उठून बसला, आणि शोक न करता, घाई न करता लिहू लागला. अर्ध्यात राहिलेला शब्दही त्याने अर्धाच उतरविला. बाई पाहत राहिल्या, आणि नानाही जवळ सरकले. राज्य कशाने गेले म्हणून दोघांनी पहिली ओळ वाचली, तो तेथे स्वच्छ लिहिले होते की, इरावतीने पाडिले.

"तुझीही भीड ठेवली नाही," नाना म्हणाले, "सदाचाच आहे खरा."

तेव्हा बाई महिन्यात प्रथमच हसल्या, आणि मग रडल्या.

येणेप्रमाणे हुकूम पंतांच्या नावे मंजूर जाहला. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.